होकाराचा कायदा आणि नकाराचा कायदा : इंग्लंडमधील विवाहाचा इतिहास



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. तासाच्या शेवटी कधी लग्नाचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, "सर, इंग्लंडात बरं आहे, तिकडे आधीपासून प्रेमविवाहच!" हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी हे टिपण लिहिले आहे.

वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा : लग्नात माणसाच्या 'हो'ला किती किंमत होती आणि 'नाही'ला किती? इंग्लंडमध्ये 'हो'ला फार लवकर किंमत आली. 'नाही'ला, विशेषतः बायकोच्या 'नाही'ला, किंमत यायला त्यानंतर आठशे वर्षे लागली.

१. शब्दांनी होणारे लग्न

बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर (कारकीर्द ११५९ ते ११८१) याच्या काळात चर्चच्या कायद्यात एक तत्त्व पक्के झाले. लग्न होते ते वधूवरांच्या संमतीने. मुलगा किमान १४ वर्षांचा, मुलगी किमान १२ वर्षांची असावी आणि दोघांनी वर्तमानकाळात "मी तुला पत्नी मानतो", "मी तुला पती मानते" असे म्हणावे, की लग्न लागले. "मी तुझ्याशी लग्न करीन" असा भविष्यकाळातला शब्द दिला असेल, तर तो वाङ्निश्चय ठरे. पण त्यानंतर शरीरसंबंध आला, की त्याचेही लग्न होई. पुरोहित, साक्षीदार, आईबापांची परवानगी या गोष्टी असाव्यात असा चर्चचा आग्रह होता. मात्र त्या नसल्या तरी लग्न रद्द होत नसे. म्हणजे व्याकरणातल्या काळावर माणसाचे आयुष्य ठरत होते!

याचे एक जिवंत उदाहरण नॉरफोक परगण्यातील पास्टन घराण्याच्या पत्रव्यवहारात सापडते. या जमीनदार घराण्यातील मार्जरी पास्टन हिने घरचा कारभारी रिचर्ड कॉल याला गुपचूप शब्द दिला. घरचे खवळले. १४६९ साली प्रकरण नॉर्विचच्या बिशपपुढे गेले. बिशपने दोघांना वेगवेगळे बोलावून नेमके कोणते शब्द उच्चारले ते विचारले. मार्जरीने शब्द सांगितले, आणि तेवढ्याने लग्न पक्के होत नसेल तर इथून जाण्यापूर्वी मी ते पक्के करीन, असेही बजावले. बिशप घराण्याच्या ओळखीचा होता, पण कायद्यापुढे त्याचा इलाज चालला नाही. लग्न कायम राहिले. आईने मात्र मुलीला घराचा दरवाजा बंद केला. पुढे मृत्युपत्रात तिने मार्जरीच्या मुलासाठी पैसे ठेवले, एवढाच काय तो ओलावा.

२. निवड करणे कोणाला परवडत होते?

मार्जरीसारखी टोकाची भांडणे मुख्यतः जमीनजुमला असलेल्या घरांत होत. सामान्य माणसांचे चित्र वेगळे होते. चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागल्या. त्यांचा अभ्यास करून केंब्रिजच्या इतिहासकारांनी दाखवले, की सतराव्या शतकात इंग्लंडमधील स्त्रिया पहिले लग्न सरासरी २५-२६ व्या वर्षी आणि पुरुष २७-२८ व्या वर्षी करीत.

याचे कारण आर्थिक होते. लग्नानंतर नवे जोडपे वेगळे बिऱ्हाड थाटत असे. त्यासाठी पैसा साठवावा लागे. म्हणून किशोरवयातच मुलेमुली घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर किंवा घरी चाकरी करीत आणि दहाबारा वर्षे पुंजी जमवत. आईबापांपासून दूर, स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या या तरुणांना जोडीदार निवडण्याची मोकळीक आपोआप मिळे. प्रेमविवाहाचे मूळ वृत्तीत शोधण्याआधी असे मजुरीच्या हिशोबात शोधावे.

३. राज्यसंस्था लग्नात शिरते

शब्दांनी होणाऱ्या लग्नाची अडचण एकच, ती म्हणजे पुरावा. एकाने शब्द दिला म्हणावे, दुसऱ्याने नाकारावे. अठराव्या शतकात लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या परिसरात तर लग्नांचा बाजारच भरला. कर्जापायी कैदेत पडलेले पाद्री पैसे घेऊन आसपासच्या दारूच्या गुत्त्यांतही झटपट लग्ने लावून देत. श्रीमंत वारस मुलींना फसवून लग्ने लावली जातात, अशी ओरड संसदेत झाली.

त्यातून लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांचा १७५३ चा कायदा आला. तो २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर घोषणा किंवा रीतसर परवाना, चर्चमध्येच विधी, दोन साक्षीदार आणि नोंदवहीत सह्या, अशा अटी आल्या. परवान्याने लग्न करणारा २१ वर्षांखालील असेल तर पालकांची संमती सक्तीची झाली. यहुदी आणि क्वेकर पंथीयांना सूट मिळाली. कॅथलिकांना मात्र अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावे लागे. चर्चबाहेरच्या नोंदणी विवाहाची सोय १८३७ साली झाली.

हार्डविकचा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांपुढे नुसते कबूल केले तरी लग्न होई. म्हणून पळून आलेली जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या खेड्याकडे धाव घेत आणि तिथल्या लोहाराच्या ऐरणीपुढे लग्न लागे. १८५६ साली २१ दिवसांच्या वास्तव्याची अट आली आणि ही धावपळ मंदावली.

इथपर्यंतचा इतिहास 'हो'चा आहे : तो कोणी म्हणायचा, कोणापुढे, कोणत्या वयात. आता 'नाही'कडे वळू.

४. एकदा दिलेला होकार

इंग्लिश सामान्य कायद्यानुसार लग्न झाले की पतिपत्नी एक व्यक्ती मानली जात, आणि ती एक व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची कमाई, तिची जंगम मालमत्ता, तिची मुले, सर्वांवर त्याचा हक्क असे. न्यायमूर्ती मॅथ्यू हेल यांच्या, मृत्यूनंतर १७३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तर असे मांडले होते, की लग्नाच्या वेळी दिलेली शरीरसंबंधाची संमती बायकोला मागे घेता येत नाही. ज्या संमतीच्या तत्त्वाने मार्जरीला वाचवले, तेच तत्त्व इथे साखळी झाले.

घटस्फोट जवळजवळ अशक्य होता. पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर संसदेत स्वतंत्र विधेयक मंजूर करून घ्यावे लागे. १८५७ पर्यंत अशा मार्गाने यश मिळालेल्या स्त्रिया फक्त चार.

लेखिका कॅरोलाइन नॉर्टन हिची कहाणी इथे लक्षात ठेवा. १८३६ साली नवऱ्याने तिला घराबाहेर काढले, तिन्ही मुलगे ताब्यात घेतले आणि पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्याशी तिचे संबंध असल्याचा दावा लावला. दावा फेटाळला गेला, तरी मुले परत मिळाली नाहीत. तिच्या लेखनाच्या मानधनावरही कायद्याने नवऱ्याचाच हक्क होता. तिने पत्रके लिहून लढा दिला. १८३९ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा आईला दिली. तिच्या नवऱ्याने मात्र मुले स्कॉटलंडमध्ये ठेवली होती, आणि तिथे तो कायदा चालत नव्हता. १८४२ मध्ये तिचा धाकटा मुलगा घोड्यावरून पडून दगावला.

पुढे १८५७ मध्ये घटस्फोटाचे न्यायालय आले. त्यातही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होई; बायकोला व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा परित्यागासारखे आणखी कारण दाखवावे लागे. हा भेद १९२३ साली गेला. मालमत्तेचा हक्क १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी मिळाला.

५. नांदायला येण्याचा हुकूम

चर्चच्या न्यायालयांत एक जुना दावा चाले. जोडीदार सोडून गेला, तर त्याला परत नांदायला येण्याचा हुकूम मिळवायचा. हुकूम मोडणाऱ्याला तुरुंग. १८८४ साली इंग्लंडने यातली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. १८९१ मध्ये क्लिथेरो गावात एमिली जॅक्सन चर्चमधून बाहेर पडताना तिच्या नवऱ्याने तिला उचलून नेले आणि घरात कोंडले. त्याच्या हाती असाच हुकूम होता. तरीही अपील न्यायालयाने निकाल दिला, की नवऱ्याला बायकोला कोंडून ठेवता येणार नाही.

आता मुंबईकडे या, कारण हाच दावा ब्रिटिश न्यायालयांबरोबर भारतात आला होता. त्याच १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात तो लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. त्या कधीच नांदायला गेल्या नव्हत्या आणि जायचे नाही यावर ठाम होत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. हा दावा इंग्लंडमधून आलेला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असे त्यांनी नोंदवले. अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि नंतर परतल्या. लंडनमध्ये संपलेली तुरुंगाची शिक्षा मुंबईत जिवंत होती, हे विसरू नका.

६. समारोप

इंग्लंडने नांदायला येण्याचा हा दावा १९७० च्या कायद्याने पूर्ण रद्द केला. मॅथ्यू हेल यांचे तत्त्व १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मोडीत काढले. लग्नातही नकार म्हणजे नकार, हे ठरले. २०२२ पासून तिथे दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो.

आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो दावा अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरवला. हेल यांच्या विचाराची छाया भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ च्या दुसऱ्या अपवादात दिसते : अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीशी नवऱ्याने ठेवलेला संबंध तिथे बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवला आहे.

या तरतुदींच्या बचावासाठी "आमची संस्कृती" हा शब्द वापरला जातो, तेव्हा न्यायमूर्ती पिन्ही यांचे निरीक्षण आठवा. परंपरा म्हणून आपण जे जपतो, त्यातले काही परक्या न्यायालयांचे जुने सामान आहे. त्याच्या मालकांनी ते केव्हाच टाकून दिले.

विचारासाठी प्रश्न

१. विवाहाची नोंद सक्तीची केल्याने कोणाला संरक्षण मिळते आणि कोणाचे स्वातंत्र्य कमी होते? हार्डविकच्या कायद्याच्या आधारे लिहा.
२. जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य आणि स्वतःची कमाई यांचा संबंध तुमच्या परिसरातील उदाहरणांतून तपासा.
३. मार्जरी पास्टन आणि रखमाबाई यांच्या प्रकरणांत कायद्याने कोणाचे शब्द ऐकले आणि कोणाचे नाहीत?