ऑक्सफर्डची रद्दी आणि तिचा पुनरुपयोग

इ. स. १५३५ मध्ये राजाज्ञेने डन्स स्कोटसचे ग्रंथ ऑक्सफर्डमधून बहिष्कृत झाले. त्यांची पाने न्यू कॉलेजच्या प्रांगणात वाऱ्यावर उडत होती आणि एक गृहस्थ हरणांना भिवविणाऱ्या बुजगावण्यांसाठी ती वेचीत होता, असे राजाचा आयुक्त रिचर्ड लेटन याने थॉमस क्रॉमवेलला कळविले. लेटनला त्याचा खेद झालेला दिसत नाही. नगरातील ग्रंथबांधणी करणाऱ्यांनी मात्र टाकाऊ हस्तलिखितांची चर्मपत्रे नव्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना आतून चिकटविली. हा निव्वळ काटकसरीचा व्यवहार होता. त्यात ज्ञानरक्षणाचा हेतू शोधणे अनैतिहासिक होय. सुमारे १५१५ ते १६२० या काळातील अशा बांधणीची सूची एन. आर. केर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत विद्यापीठाने स्वतः शिकवून टाकून दिलेल्या धर्मशास्त्राची व कायद्याची पाने आढळतात.