गाणे थांबल्यावरची गायिका-नटी

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना गायिका-अभिनेत्रींची परंपरा संगीत नाटकाच्या ओहोटीपाशी संपवण्याची आपल्याकडे रीत आहे. भारती आचरेकर यांची कारकीर्द पाहता ती रीत आम्हांला अपुरी वाटते.

माणिक वर्मा (१९२६-१९९६) यांच्या या कन्येने आरंभीच्या काळात गोपाळकृष्ण भोबे यांच्या ‘धन्य ते गायनी कळा’ या संगीत नाटकात काम केले. त्याचे संगीत भीमसेन जोशी यांचे. पुढे विजया मेहता यांनी बसवलेल्या अनिल बर्वे यांच्या ‘हमीदाबाईची कोठी’त त्या सईदा झाल्या. कोठीवरच्या गाण्याचे जग मावळताना दाखवणारे ते नाटक. १९८८ मध्ये कुंदन शाह यांची ‘वागले की दुनिया’ दूरदर्शनवर आली आणि राधिका वागले घरोघरी पोहोचली. या गृहिणीला पदे नव्हती. परंतु तिच्या साध्या संवादांतील लय आणि नेमक्या जागी घेतलेला विराम यांत गाण्याची तालीम आम्हांला ऐकू येते.

२०१३ च्या ‘द लंचबॉक्स’मध्ये तर वरच्या मजल्यावरच्या देशपांडे मावशी पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, केवळ आवाजातून त्यांचे सारे बिऱ्हाड उभे राहते. नटीचे गाणे केवळ पदांच्या संख्येवर मोजले, तर या आवाजाला इतिहासात जागा मिळत नाही. म्हणूनच गायिका-नटीच्या इतिहासात पदांइतकाच तिच्या बोलण्याचाही विचार व्हायला हवा, असे आमचे मत आहे.