लाल औषध, पांढरी पावडर, पिवळा रंग

आरोग्यसेवक म्हणून माझी सारी नोकरी मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवर झाली. खांद्याला झोळी आणि झोळीत पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टची बाटली. लोक ओंजळीत पाणी घेऊन दाखवायचे, "बघा की साहेब, कसं काचेसारखं आहे." गावाच्या पाण्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे डोळ्यांवरचा हा भरवसा सुटत जाण्याचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

आग्र्याचे सरकारी रसायन परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी 1890 च्या दशकात पटकीच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत रूढ केली. पुढे ती देशभर गेली. साथ आली की सरकारी माणूस येऊन विहीर लाल करून जायचा, असं माझी आजी सांगायची. पण माणसं दगावू लागल्यावर औषध यायचं आणि साथ ओसरली की विहीर पुन्हा कुणाची नसायची.

त्या काळी पाणी बाटतं ते माणसाच्या स्पर्शाने, असं मानणारेही कमी नव्हते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तिथलं पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्र मिसळलेल्या 108 घागरी तळ्यात ओतून 'शुद्धी' केली. पिण्याच्या पाण्यात शेण कालवलं गेलं, ते या शुद्धीमुळे. ही गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आलो.

नारूची आठवण आता फक्त म्हाताऱ्यांना असेल. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पोटरीभर पाण्यात उतरून घागर भरायचा. पायावरच्या फोडातून कृमीची पिल्लं पाण्यात पडायची, सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव ती गिळायचा आणि तेच पाणी सगळा गाव प्यायचा. वर्षभराने कुणाच्या तरी पायातून हात-दीड हात लांब धागा बाहेर येऊ लागे. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. यावर लस नव्हती, बरं करणारं औषधही नव्हतं. 1983-84 साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पायऱ्या बंद करणं, सायक्लॉप्स मारायला पाण्यात टेमेफॉस टाकणं, पाणी फडक्याने गाळून पिणं, एवढ्यावर ती लढाई झाली. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. पाणी राखूनच एक रोग या देशातून हद्दपार झाला, हे आठवून मला आजही भरून येतं.

मग आली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यासोबत गावात हिशोब आला. विहिरीचा व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर, म्हणजे सुमारे 37,700 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरून जवळजवळ 190 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी विहिरीत सोडायची. अर्ध्या तासाने पाणी तपासायचं. ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर तो वाटेत काहीतरी खाऊन गेलं. ही तपासणी टाकीखालच्या नळावर करून भागत नाही, गावाच्या शेवटच्या घरी करावी लागते. फुटकी पाइपलाइन आणि गटार यांची गाठ मध्येच कुठेतरी पडलेली असते.

पावडरही मरते. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. गोणी ओलसर खोलीत उघडी राहिली की तो उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणं म्हणजे विहिरीत चुना टाकणं. एका गावात रोज पावडर पडत होती, वहीत रोज सही होत होती आणि ओटीला रंग काही येत नव्हता. गोणी तपासली तेव्हा कारण कळलं.

जंतूंची तपासणी प्रयोगशाळेत होते. नळाचं तोंड ज्योतीने भाजून, निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन, बर्फात ठेवून 24 तासांत पोचवायचा. गावात एचटूएसची बाटलीही चालते. पाणी काळं पडलं की विष्ठेची घाण मिसळल्याचा संशय धरायचा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, एप्रिल-ऑक्टोबरात, पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला धोक्याप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं तर चंदेरी.

हे सगळं शेवटी येऊन थांबतं पावडर टाकणाऱ्या, पाणी तपासणाऱ्या गावच्या जलसुरक्षकावर. त्याचं मानधन तुटपुंजं आणि तेही थकतं, हे मी पाहिलेलं आहे. पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघायच्या आधी तीन गोष्टी विचारा: आपलं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, टीसीएलची गोणी कुठे ठेवली आहे आणि जलसुरक्षकाचे पैसे दिले का. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.