कोरड्या मुलखातल्या बागा

नगर जिल्हा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? ज्वारी-बाजरीची राने, आभाळाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी आणि चैत्र-वैशाखात तळ गाठलेल्या विहिरी. अशा मुलखात फुलांची गोष्ट काढली, तर एखादा म्हातारा चटकन म्हणेल, "आधी पोटाचं बघा, मग फुलांचं." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण गंमत अशी, की या जिल्ह्याचे मुख्य शहर वसले ते एका बागेच्या शेजारी. शहराच्या आधी तिथे बाग होती!

ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ मलिक अहमद याने बहामनी फौजेचा पराभव केला आणि निजामशाहीचा पाया घातला. ज्या जागी जय मिळाला, तिथेच त्याने एक वाडा बांधला आणि बाग लावली. म्हणून इतिहासात ही लढाई 'बागेची लढाई' या नावाने ओळखली जाते. एरवी लढाईला रणाचे, नदीचे किंवा गावाचे नाव मिळते. इथे बागेचे मिळाले. चार वर्षांनी, १४९४ च्या सुमारास, जवळच शहराची उभारणी सुरू झाली. त्याला अहमदच्या नावावरून अहमदनगर म्हणू लागले. पुढे २०२४ साली शासनाने त्याचे नाव अहिल्यानगर केले, ते याच जिल्ह्यातल्या चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ. आणि ती पहिली बाग? तिच्याभोवती आधी मातीचा कोट उठला, मग हुसेन निजामशहाच्या काळात दगडी किल्ला झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला पुन्हा त्या किल्ल्यात जायचे आहे.

निजामशहांना बागांचा मोठा शौक. शहराच्या उत्तरेस त्यांनी हश्त-बेहश्त बाग केली. हश्त म्हणजे आठ आणि बेहश्त म्हणजे स्वर्ग. आग्नेयेस, भिंगारच्या अंगाला, फराह बाग केली. ती मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत १५८३ साली पुरी झाली. मोठा चौकोनी हौद आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी महाल. लोक आजही त्याला फऱ्याबाग म्हणतात. चहूबाजूंनी पाणी, पाण्यापलीकडे झाडे, आणि मध्ये बसलेल्या माणसाला गार वाऱ्याची झुळूक. इराणातल्या वाळवंटी प्रदेशात बागेची जी कल्पना जन्मली, ती अशी दख्खनच्या पठारावर आली. तिकडेही पाऊस थोडा, इकडेही थोडा. म्हणून ती इथे रुजली असावी.

त्या काळाची खूण आपल्या बोलण्यातही राहिली आहे. 'बाग' हा शब्द फारसी, 'बगीचा' फारसी, 'गुलाब' फारसी. 'हौद' अरबीतून आलेला. आपल्या सातबाऱ्यावर 'बागायत' आणि 'जिरायत' लिहिलेले असते ना? त्यातल्या बागायत शब्दात ही बागच दडलेली आहे. पाणी मिळाले की जमीन बाग होते, नाही मिळाले की नुसते शेत राहते, असा सगळा हिशेब त्या दोन शब्दांत आहे.

पण हे पाणी आणले कोठून? नदी म्हणावी तर सीना, आणि तिची अवस्था आपण जाणतोच. निजामशाहीतल्या कारागिरांनी शहराबाहेरच्या चढावरच्या गावांतून, कापूरवाडीसारख्या ठिकाणाहून, जमिनीखालून खापरी नळ आणले. भाजलेल्या मातीचे नळ, एकात एक बसवलेले, वरून चुन्याचे बांधकाम. पाणी आपल्या उताराने चालत यावे, मोट नको की रहाट नको, अशी ही योजना. या नळांवर शहराचे हौद भरत, वाडे नांदत आणि बागा फुलत.

आता पाहा, एवढ्या वैभवाचे पुढे काय झाले. मुर्तझा निजामशहा कारभार सोडून वर्षानुवर्षे एकांतात राहिला. १५८८ साली पोटच्या मुलानेच त्याचा जीव घेतला. बारा वर्षांनी, १६०० मध्ये, चांदबिबीच्या वधानंतर किल्ला मोगलांच्या हाती गेला. १६३६ मध्ये निजामशाही संपली. महालाच्या भिंती राहिल्या, कारण त्या दगडाच्या होत्या. फुले राहिली नाहीत. खापरी नळाला कोणीतरी रोज लक्ष द्यावे लागते. सांधा निसटला तर बसवावा लागतो, गाळ साचला तर काढावा लागतो. ही कामे करणारे हात गेले की हौद कोरडा पडतो, आणि हौद कोरडा पडला की आठही स्वर्ग एका उन्हाळ्यात वाळून जातात. फराह बागेच्या कोरड्या हौदाच्या काठाशी उभे राहिले की हे कोणी सांगावे लागत नाही.

मग फुले गेली कोठे? ती आपल्या परसात आली. राजाच्या बागेत नसलेली फुलेही तिथे आली. गुरुजनांनी वर्गात मुलांना एक कोडे घालून बघावे: अहमद निजामशहाने १४९० साली बाग लावली, तिच्यात झेंडू होता का? मुले हो म्हणतील, कारण झेंडूवाचून दसरा त्यांना ठाऊकच नाही. पण त्या बागेत झेंडू असणे शक्य नव्हते. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, आणि कोलंबस अमेरिकेकडे निघाला तोच मुळी १४९२ साली. निशिगंध तिकडचा, गुलबक्षी दक्षिण अमेरिकेतली, न्हाणीजवळची कर्दळही तिकडचीच. दर्यापारच्या व्यापारातून, बहुतेक पोर्तुगीजांच्या गलबतांतून, ही मंडळी आपल्याकडे आली आणि बघता बघता घरची झाली. झेंडू दाराच्या तोरणात चढला, निशिगंध हारात गेला, गुलबक्षी संध्याकाळी तुळशीवृंदावनाशेजारी उमलू लागली. त्यांना ना खापरी नळ लागला, ना हौद. सांडपाण्यावर आणि घरच्या बाईच्या ओंजळीवर ती जगली.

असा पाणी घालणारा एक माळी याच जिल्ह्यात होऊन गेला. त्याला आपण माळी म्हणून ओळखत नाही एवढेच. शिर्डीचे साईबाबा. दाभोळकरांच्या साईसच्चरितात ही हकीकत आली आहे. बाबा शिर्डीत राहू लागल्यावर त्यांनी जवळच्या राहात्याहून झेंडू, जाई, जुई यांची रोपे आणली, पडीक जागा साफ केली आणि रोपे लावली. वामन तात्या नावाचे भक्त त्यांना रोज दोन मातीचे घडे देत. तेही कच्चे, न भाजलेले. बाबा विहिरीवर जाऊन स्वतः पाणी भरत, खांद्यावरून आणून झाडांना घालत. संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवायचे, आणि कच्चेच ते, फुटून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे दोन घडे. असे तीन वर्षे चालले आणि पडीक जागेची फुलबाग झाली. पुढे त्याच जागेवर वाडा उभा राहिला. १९१८ साली बाबांनी देह ठेवल्यावर त्यांची समाधी तिथेच झाली. आज तिथे जाणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आपण एका जुन्या फुलबागेच्या मातीवर उभे आहोत?

मी म्हटले होते की आपल्याला किल्ल्यात परत जायचे आहे. चला तर. ९ ऑगस्ट १९४२. मुंबईत पहाटे काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडले आणि आगगाडीने नगरला आणून किल्ल्यात डांबले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत आणि इतर. किती दिवस, हे कोणालाच माहीत नव्हते. नेहरूंनी काय केले? कुदळ हाती घेतली. फुलांचे वाफे करायला ते उन्हातान्हात तासन्‌तास खणत. जमीन वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राबिटाने भरलेली. खणता खणता जुन्या भिंतींचे आणि घुमटांचे माथे लागत. एकदा तर भिंतीवर कोरलेले दगडी कमळ निघाले, बहुधा एखाद्या दरवाजावरचे. त्यांनी ही हकीकत १९४४ साली याच किल्ल्यात लिहिलेल्या 'भारताचा शोध' या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात नमूद केली आहे. फुलासाठी खणावे आणि जमिनीतून इतिहासाने दगडाचे फूल वर काढून द्यावे!

मौलाना आझादही तिथेच होते. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यास निधन झाले. शेवटची भेट झाली नाही. त्या दिवसांत एका मित्राला उद्देशून त्यांनी उर्दूत पत्रे लिहिली, ती १९४६ साली 'गुबारे खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत चहा आहे, खोलीतल्या चिमण्या आहेत, आणि तुरुंगाच्या अंगणात उमललेली फुलेही आहेत. मन थाऱ्यावर ठेवायला माणसाला काहीतरी रोज वाढताना बघावे लागते, हे त्या पत्रांतून कळते. राजाची बाग राज्याबरोबर गेली. कैद्यांनी बाग केली तेव्हा त्यांच्याजवळ राज्य नव्हते, फक्त कुदळ होती.

आता फुले पाहायला जाण्याविषयी. एकाच जिल्ह्यात किती फरक असावा बघा. पाथर्डी, जामखेड, कर्जत पावसाच्या छायेतले, आणि पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीला पावसाळ्यात चार हातांवरचे दिसू नये अशी धार. तिथे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे डोंगर उभे आहेत. १९८६ साली या भागाचे अभयारण्य झाले. भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरला, की भंडारदऱ्याच्या वर डोंगर पिवळे होतात ते सोनकीने. उतारावर गुलाबी तेरडा, झुडपांत लालपिवळी कळलावी. ही बाग कोणी लावली नाही, हिला नळ नाही की घडा नाही.

या सगळ्यांत नवलाची ती कारवी. डोंगरातल्या लोकांना ती कुडाच्या भिंतींसाठी ठाऊक आहे. तिच्या काठ्या विणायच्या आणि वर शेणमाती लिंपायची. ही कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षे नुसती हिरवी राहते आणि मग एका वर्षी सगळा उतार एकदम निळा-जांभळा होतो. मधमाश्यांना मेजवानी असते. बी धरले की झुडूप वाळते, आणि त्याच्या बियांतून नवी पिढी उठते. प्रत्येक डोंगराचे वर्ष एकच असते असे नाही. तेव्हा निघण्यापूर्वी तिथल्या माणसांना विचारावे, "औंदा कारवी हाय का?" त्यांच्याइतके पक्के उत्तर कोठल्याही कागदात मिळायचे नाही.

पण फुले पाहायला जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. साताऱ्याच्या कासच्या पठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला आणि तिथे एवढी गर्दी उसळली, की माणसांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली, प्रवेशाला शुल्क ठेवावे लागले. तेरडा एका पायाखाली मोडतो. कारवीचा फुलोरा तोडला तर त्या बियांचे झुडूप उगवायचे नाही. त्या डोंगरावर वाटेने चालावे, फूल झाडावरच राहू द्यावे, आणि तिथल्या घरात जेवावे, म्हणजे आपल्या येण्याने त्या गावाला चार पैसे तरी मिळतील.

आणि परतल्यावर? घरी जागा नाही, पाणी नाही, असे म्हणू नका. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू खुशाल येतात. उन्हाळ्यासाठी एक जुनी युक्ती आहे: मडक्याच्या बुडाला लहानसे भोक पाडून त्यात चिंधीची वात घालावी, मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे आणि भरून वर झाकण ठेवावे. पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जाते, उन्हाने उडत नाही. शाळेत असे एकेक मडके एकेका मुलाकडे सोपवावे. गुलबक्षी किती वाजता उमलते, शेवंतीला पहिली कळी कोणत्या तारखेला आली, हे वहीत लिहायला लावावे. इतिहासाच्या तारखा मुलांना नकोशा होतात; स्वतः घातलेल्या पाण्याची तारीख ती विसरत नाहीत.

अकोल्याकडच्या शिक्षकांना एक जास्तीची विनंती. तुमच्या डोंगरावर कारवी फुलेल त्या वर्षी मुलांना घेऊन वर जा आणि ते साल शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा पुढच्या फुलोऱ्याला अठरा वर्षांचा असेल. त्याने ते साल वाचून आपल्या धाकट्या भावंडांना डोंगरावर न्यावे, एवढी सोय आपण आज करून ठेवू शकतो.