वाघोबाशी झालेला तह

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मांजर चुलीपाशी झोपतं. त्याच्या थोरल्या भाऊबंदाला, वाघोबाला, गावाशी जुळवून घ्यायला मात्र तह करावा लागला.

वारली कथा सांगते, वाघोबा एका बाईच्या पोटी जन्मला. मोठा झाला तसा गावातली गुरं खाऊ लागला. लोक चिडून मारायला निघाले, तेव्हा आईनेच तोड काढली: गावाने त्याला ठाणं द्यावं, वर्षाला कोंबडं-बकरं द्यावं, त्याने गाव राखावं.

किती समंजस तोडगा!

आजही दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, शेंदूर फासलेल्या लाकडी फळीपुढे पूजा होते. फळीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य.

इथला पट्टेरी वाघ केव्हाच संपला; मान आता बिबट्याकडे आहे. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची १५०हून अधिक ठाणी नोंदली गेली.