लिदित्से : एका गावाची लोकसंख्या

चेक प्रजासत्ताकात स्थानिक स्वराज्याच्या सर्वांत खालच्या घटकाला ‘ओबेत्स’ म्हणतात. देशात असे सहा हजारांहून अधिक घटक असून त्यांतील बहुसंख्यांची वस्ती हजाराच्या आत आहे. प्रागच्या वायव्येस, क्लाद्नो शहराजवळ असलेले लिदित्से हे त्यांपैकीच एक होय. त्याचा पहिला लेखी उल्लेख 1318 सालचा आहे. शेतीवर जगणाऱ्या या गावाचे रूप क्लाद्नो परिसरातील दगडी कोळसा आणि पोलाद यांच्या उद्योगाने एकोणिसाव्या शतकात पालटले आणि गावातील अनेक पुरुष खाणींत व कारखान्यांत पाळीने कामाला जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गावात सुमारे 500 माणसे राहत होती.

27 मे 1942 रोजी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाक छत्रीधारी सैनिकांनी चेक प्रदेशावरील जर्मन राजवटीचा प्रमुख राइनहार्ट हाइड्रिश याच्यावर हल्ला केला आणि 4 जूनला तो मरण पावला. या कटाशी लिदित्सेचा संबंध असल्याचा कोणताही पुरावा हाती नसताना, केवळ संशयावरून आणि जरब बसवण्यासाठी गाव नष्ट करण्याचा निर्णय झाला. 10 जूनला होराक कुटुंबाच्या वाडीत कोठाराच्या भिंतीला गाद्या टेकवण्यात आल्या, गोळ्या दगडावर आपटून उलट्या फिरू नयेत म्हणून. त्या भिंतीपुढे 173 पुरुषांना गटागटाने उभे करून मारण्यात आले. स्त्रियांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडले गेले आणि 82 मुलांना खेल्मनो येथे विषारी वायूने मारण्यात आले. घरे जाळून सुरुंगाने उडवली, स्मशानभूमी उकरली, ओढ्याचे पात्रही वळवले. माणसे मारून न थांबता गावाची जमिनीवरील खूणसुद्धा पुसण्याचा हा प्रयत्न होता आणि लिदित्सेच्या इतिहासात हीच गोष्ट सर्वाधिक महत्त्वाची मानली पाहिजे.

एकूण 340 गावकरी बळी पडले: 192 पुरुष, 60 स्त्रिया आणि 88 मुले. युद्धानंतर परत आल्या त्या 143 स्त्रिया आणि 17 मुले. जनगणनेचे आकडे सहसा जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांनी घडतात. येथे मात्र वाचलेली वस्ती जवळजवळ सर्वस्वी विधवा, निपुत्रिक माता आणि मोजकी मुले यांची उरली. दरम्यान पुसू पाहिलेले नाव दूरवर रुजले होते: मेक्सिकोतील एका वस्तीने 1942 सालीच ‘लिदिसे’ हे नाव आपल्या नावाला जोडले, तर इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे बार्नेट स्ट्रॉस यांनी खाणकामगारांना सोबत घेऊन ‘लिदित्से जगेल’ ही मोहीम उभारली.

1947 साली नव्या गावाची पायाभरणी झाली. जुन्या जागेवर पुन्हा घरे न उठवता, काही अंतरावरील उंचवट्यावर 150 घरे बांधण्यात आली आणि परतलेल्या स्त्रियांबरोबर बाहेरची कुटुंबेही तेथे स्थायिक झाली. आज लोकसंख्या पुन्हा पाचशे-सहाशेच्या दरम्यान आहे. जुन्या गावाच्या दरीत गवत आहे आणि चर्च, शाळा व होराक वाडी यांचे पाये तेवढे उघडे दिसतात. त्या दरीकडे तोंड करून उभा आहे तो शिल्पकार मारिये उखिटिलोव्हा यांनी घडवण्यास घेतलेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर 2000 साली पूर्ण झालेला पुतळ्यांचा समूह. त्यात 42 मुली आहेत आणि 40 मुलगे.