बेस गिटारवरची रिकामी भोकं

आपल्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा असला की सगळ्यांचं लक्ष गायकाकडे, फार तर ऑक्टोपॅडवाल्याकडे असतं. मागे एक जण चार जाड तारांची लांबलचक गिटार घेऊन उभा असतो. तो थांबला की मात्र गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. पंचमदांच्या वादकसंचात हे काम टोनी वाझ करायचे. या बेस गिटारच्या इतिहासात एक गंमत आहे: बनवणाऱ्याने ठरवलं एक आणि वाजवणाऱ्यांनी केलं भलतंच.

आधी बेस म्हणजे माणसाएवढा उंच, उभा धरायचा डबल बेस. न्यायला अवघड, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गोंगाटात ऐकूही यायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे; त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्यांनी भरीव लाकडाचा, ३४ इंच तारलांबीचा, विजेवर चालणारा बेस बाजारात आणला. त्याला सतारीसारखे पडदे होते. पडद्यामुळे सूर नेमका लागणार, म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन'.

पण फेंडर यांच्या डोळ्यांपुढे वादक होता तो जुन्या पद्धतीचा. तो अंगठ्याने तार छेडणार, असं त्यांनी धरलं. मग बाकीची बोटं कशाला धरणार? म्हणून सर्वांत बारीक तारेच्या खालच्या बाजूला एक छोटी पट्टी स्क्रूने बसवली. भरीव लाकडामुळे तार फार वेळ घुमते आणि डबल बेसचा आखूड 'ठुम' येत नाही. त्यावर उपाय म्हणून घोडीवर पत्र्याचं चकचकीत झाकण आणि त्याच्या आत स्पंजाचा तुकडा. झाकण बसवलं की स्पंज तारांना टेकायचा आणि आवाज दबायचा. पिकअपवरही असंच एक झाकण होतं.

पुढची काही वर्षं कारखान्यात सारखी दुरुस्ती चालू होती. आधीच्या फळकुटासारख्या कडा पोटात रुतायच्या, त्या १९५४ मध्ये घासून गोलसर केल्या. १९५७ चा बदल सर्वांत मोठा. तोवर तारा लाकडाच्या मागून आरपार ओवलेल्या असत, त्या आता घोडीलाच अडकवल्या. घोडीवर दोन तारांना मिळून एक टेकू होता, तिथे प्रत्येक तारेला वेगळा आला. त्यामुळे प्रत्येक तारेचा सूर स्वतंत्रपणे नीट लावता येऊ लागला. पिकअपचेही दोन तुकडे झाले, दोन-दोन तारांसाठी एकेक. त्यांची जोडणी अशी केली की विजेची घरघर एकमेकांत कटून जावी. आजही प्रिसिजन बेसवर हीच रचना दिसते.

१९६० मध्ये आलेल्या 'जॅझ बेस'वर तर चारही तारांना वेगवेगळे दाबणारे पॅड होते. पण तोवर वादक बदलले होते. ते बोटांनी वाजवत, काही प्लेक्ट्रमने. हात ठेवायच्या जागेवरच झाकण! त्यांनी स्क्रू काढले आणि झाकणं फेकून दिली. काहींनी त्यांचा वापर सिगारेटची राख झाडायला केला, म्हणून त्याचं नावच 'ॲशट्रे' पडलं. लाकडात भोकं तेवढी उरली. १९७० च्या दशकात कंपनीने बोटांची पट्टीही वरच्या बाजूला हलवली. आता ती अंगठा टेकायला झाली.

सगळ्यांनीच झाकण काढलं असं नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन यांनी आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर झाकण आणि स्पंज दोन्ही ठेवले, तारा जुन्याच ठेवल्या, आणि एकाच बोटाने अशी वादनशैली घडवली की पुढचे बेसवादक तीच गिरवत मोठे झाले. उलट टोक म्हणजे जॅको पास्टोरियस. त्यांच्या १९६२ च्या जॅझ बेसवर पडदेच नव्हते! खाचा भरून वर इपॉक्सीचा थर दिलेला. 'नेमका सूर' देणारे पडदे काढूनच १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधला गाणारा आवाज निघाला.

आज हेच जुने बेस संग्राहक लाखो रुपयांना घेतात. झाकणं आहेत का, स्क्रू मूळचे आहेत का, हे आधी पाहिलं जातं. म्हणजे जो बेस कमी वाजला, कमी बदलला, त्याला भाव जास्त. कंपनीनेही १९८२ पासून जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती काढल्या. मूळ वस्तू जपावी, यात वाद नाही. ती नसती तर हा इतिहास कळलाच नसता. पण भोकं बुजवून, नवं पॉलिश मारून 'जसाच्या तसा' केलेल्या बेसपेक्षा मला भोकं तशीच ठेवलेला बेस जास्त खरा वाटतो. कुणी तरी तो रोज वाजवला, त्याला जे नडलं ते काढलं, याची ती नोंद आहे.

आपल्या संस्थेचंही थोडंफार असंच आहे. नकाशा आर्किटेक्टने काढला, पण २५ वर्षांत कुठे खिळे ठोकले, कुठे भिंती रंगवल्या, कुठे जिन्यात सायकली लागल्या, हे आपण ठरवलं. (समितीची परवानगी घेऊनच, अर्थात!) पुढच्या रंगकामात सगळ्याच खुणा पुसल्या जाऊ नयेत, एवढीच रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छांसोबत विनंती.